कोबीचे गोत्र

दिवाळी अंकात इतिहासाचा लेख म्हटला की वाचक पानिपताची, नाहीतर निदान एखाद्या गडाच्या वेढ्याची अपेक्षा करतो. मी मात्र भाजीच्या पाटीतला एक गड्डा उचलून आणला आहे. हसू नका. लढाया वर्षा-दोन वर्षांतून एखादी होत असत. जेवण रोज दोनदा होते. आणि भाऊबीज आटोपल्यावर, चकल्या-करंज्यांनी जीभ आणि पोट दोन्ही थकलेली असताना घरातली माणसे ज्या साध्या भाजीची वाट पाहतात, तिचे मूळ-कूळ घरात कोणालाही ठाऊक नसावे ही गोष्ट मला काही बरी वाटत नाही.

मुळात 'कोबी' हा शब्दच आपला नव्हे. पोर्तुगीज भाषेत या भाजीला 'कोव्ह' म्हणतात. पश्चिम किनाऱ्यावरच्या लोकांच्या तोंडी त्याचा कोबी झाला. पोर्तुगीजांनी गोवा घेतला १५१० साली, वसई त्यांच्या हाती आली १५३४ साली, आणि पुढे दोनशे वर्षे त्यांचा आणि आपला शेजार राहिला. शेजार भांडणाचा असला तरी उसनवार थांबत नाही. पाव, बटाटा, अननस, काजू, बादली, घमेले, चावी, पगार हे सारे त्या शेजाराचे देणे. बाजार समितीच्या आवारात सकाळी जो 'लिलाव' पुकारला जातो तोही पोर्तुगीजच. म्हणजे 'कोबीचा लिलाव' असे म्हणताना आपण दोन पोर्तुगीज शब्द एका मराठी प्रत्ययाने बांधतो, आणि बोलणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो.

या कोबीला दोन सख्खी भावंडे आहेत, फ्लॉवर आणि नवलकोल. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने ही तिन्ही मिळून एकच जात. युरोपच्या पश्चिम किनाऱ्यावर आणि भूमध्य समुद्राच्या काठच्या खडकांत जाड पानांची एक रानटी भाजी वाढत असे. माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवड करीत एकीकडे तिचा शेंड्याचा कोंब फुगवला, तो कोबी. दुसरीकडे फुलोरा फुगवला, तो फ्लॉवर. तिसरीकडे खोड फुगवले, तो नवलकोल. फ्लॉवर आपल्या देशात इंग्रजांनी आणला. १८२२ साली सहारनपूरच्या कंपनीबागेत तो इंग्लंडहून आला असे सांगतात, आणि त्याचे नावही इंग्रजीच राहिले. नवलकोल हे नाव मूळचे डच. 'क्नोल' म्हणजे कंद आणि 'कोल' म्हणजे कोबी. आपल्या लोकांनी त्या 'क्नोल'चे 'नवल' केले. भाजीचे ध्यान पाहून नवल वाटले म्हणून की काय, कोण जाणे! एका आईची तीन लेकरे तीन राष्ट्रांची नावे लावून आली आणि आज आठवड्याच्या बाजारात एकाच गोणपाटावर शेजारी-शेजारी बसलेली दिसतात.

पण याहूनही जवळचे एक नाते आपल्या मिसळणाच्या डब्यात आहे, आणि ते मला फार मोलाचे वाटते. कोबी ही मोहरीची भाऊबंद आहे. मोहरी, मुळा, कोबी ही सारी एकाच कुळातली. फुलाला चार पाकळ्या, अधिकाच्या चिन्हासारख्या समोरासमोर मांडलेल्या, ही या कुळाची खूण. मोहरी फेसताना नाकात चढणारी झणक आणि कोबी चिरताना येणारा उग्र वास ही दोन्ही गंधकयुक्त द्रव्यांची करामत; पान किंवा दाणा फुटला की त्यातला एक पाचक रस या द्रव्यांवर काम करू लागतो आणि वास सुटतो. आपल्याकडे मोहरी 'सर्षप' या नावाने प्राचीन काळापासून आहे. म्हणजे समुद्रापलीकडची म्हणून आणलेली सून चौकशीअंती आपल्याच घराण्यातली निघावी, तसा हा प्रकार झाला. कोबीवर मोहरीची फोडणी ज्या कोणा बाईने पहिल्यांदा घातली तिला हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. तिचा हात मात्र बरोबर डब्यात गेला.

युरोपात या भाजीचा मान मोठा होता. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात रोमन मुत्सद्दी केटो याने शेतीवर एक ग्रंथ लिहिला. त्यात त्याने कोबीला सर्व भाज्यांच्या वरचे स्थान दिले आहे, आणि पोटदुखीपासून जखमेपर्यंत हरएक रोगावर तिचा उतारा सांगितला आहे. (आपल्याकडच्या आजीबाईंच्या बटव्यातही एवढा आत्मविश्वास आढळत नाही.) रोमचा बादशहा डायोक्लेशियन याने तर ३०५ साली आपण होऊन सिंहासन सोडले आणि आजच्या क्रोएशियातल्या स्प्लिट गावी समुद्रकाठी जाऊन राहिला. लोक त्याला परत बोलवायला गेले तेव्हा, माझ्या हाताने लावलेला कोबी तुम्ही पाहाल तर मला राज्याचा आग्रह करणार नाही, अशा अर्थाचे उत्तर त्याने दिले, अशी कथा आहे. ही कथा वर्गात सांगितली की मुले हसतात. शेतकऱ्यांची मुले जरा कमी हसतात. कोबी लावून राज्य सोडणारा बादशहा त्यांना पटतो, पण त्या कोबीला भाव काय मिळाला, असे त्यातल्या एकाने मला विचारले होते.

आता जहाजांकडे वळू. वास्को द गामा १४९७ साली पोर्तुगालहून निघाला तेव्हा त्याच्याबरोबर सुमारे १७० माणसे होती. १४९९ साली तो परतला तेव्हा त्यांतली एक तृतीयांशाच्या आसपासच उरली होती. शत्रूपेक्षा अधिक माणसे खाल्ली ती स्कर्व्ही नावाच्या रोगाने. महिनोन्‌महिने खारवलेले मांस आणि सुकी बिस्किटे खाऊन हिरड्या सुजत, दात हलत, जुन्या जखमा पुन्हा उघडत आणि माणूस खंगून मरे. रोगाचे कारण ताज्या भाजी-फळांचा अभाव हे होते, पण ते नीट कळायला पुढे कित्येक पिढ्या जाव्या लागल्या.

या रोगाशी कोबीचा संबंध आणून दाखवला तो इंग्रज दर्यावर्दी कॅप्टन कुक याने. १७६८ ते १७७१ या पृथ्वीप्रदक्षिणेत त्याने 'एन्डेव्हर' जहाजावर आंबवलेल्या कोबीची पिंपे भरून घेतली होती. जर्मन लोक कोबी बारीक चिरून, शेकडा दोन-अडीच भाग मीठ चोळून, दाबून ठेवतात. त्याला आपोआप पाणी सुटते, ते आंबते आणि कोबी महिनोन्‌महिने टिकतो. खलाशांना हे आंबट प्रकरण खायला लावणे सोपे नव्हते. कुकने एक युक्ती केली. साहेबलोकांच्या टेबलावर ते रोज वाढायला सांगितले आणि खलाशांना म्हटले, तुमची खुशी. साहेब आवडीने खातात असे दिसल्यावर आठवडा लोटायच्या आत खलाशीही मागू लागले. घरोघरी मुलांना भाजी खायला लावणाऱ्या आयांनी ही युक्ती अवश्य करून पाहावी. पण त्यासाठी आधी वडिलांच्या पानात भाजी संपली पाहिजे. कुक एवढ्यावर थांबला नाही. जमीन लागेल तिथे उतरून ताजा पाला गोळा करण्याचा त्याचा शिरस्ताच होता. त्या सफरीत इतर कारणांनी माणसे गेली, पण स्कर्व्हीने जहाजेच्या जहाजे ओस पडण्याचा जुना प्रकार घडला नाही.

कोबीत असे काय होते, याचा उलगडा १९२८ साली झाला. आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी नावाच्या हंगेरियन शास्त्रज्ञाने केंब्रिज येथे काम करीत असताना जनावरांच्या मूत्रपिंडावरील ग्रंथी, संत्री आणि कोबी या तिन्हींतून एकच पांढरे द्रव्य वेगळे काढले. ते काय आहे हे ठाऊक नसल्याने त्याने थट्टेने 'देव जाणे' अशा अर्थाचे नाव सुचवले. संपादकाला ती थट्टा रुचली नाही. पुढे तेच 'क' जीवनसत्त्व ठरले आणि १९३७ साली सेंट-ग्यॉर्गीला नोबेल पारितोषिक मिळाले. कच्च्या कोबीच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ९२ ग्रॅम पाणी असते, उष्मांक फक्त २५, आणि 'क' जीवनसत्त्व सुमारे ३५ मिलिग्रॅम, म्हणजे मोठ्या माणसाच्या दिवसाच्या गरजेचा जवळजवळ निम्मा वाटा. एवढ्या स्वस्त भाजीला हे पुष्कळ झाले.

पण गुण दिसले की माणसे लगेच भजनी लागतात. १९४९ साली अमेरिकेत डॉ. चेनी यांनी कच्च्या कोबीचा रस पाजून पोटातले व्रण लवकर बरे होतात असे प्रसिद्ध केले, आणि त्यातल्या न सापडलेल्या द्रव्याला 'यू' जीवनसत्त्व असे नावही देऊन टाकले. त्यांचे रोगी होते १३. पुढे १९८२ साली ऑस्ट्रेलियात वॉरन आणि मार्शल यांना असल्या व्रणांच्या मुळाशी एक जंतू सापडला; त्यावर औषधे आली, २००५ साली त्यांनाही नोबेल मिळाले, आणि कोबीच्या रसाचे प्रकरण मागे पडले. आजही सकाळी अनशापोटी कोबीचा रस पिणारे लोक आढळतात. त्यांना माझे एवढेच सांगणे, की ती भाजी आहे, भाजीसारखी खावी. त्याच १९२८ साली, ज्या वर्षी कोबीतून जीवनसत्त्व निघाले त्याच वर्षी, अमेरिकेतल्या संशोधकांना असेही आढळले की केवळ कोबीवर ठेवलेल्या सशांना गलगंड होतो. माणूस काही नुसत्या कोबीवर जगत नाही आणि मिठात आता आयोडीन असते, त्यामुळे घाबरण्याचे कारण नाही. पण रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील त्यांनी मात्र कोबीचे प्रमाण एकदम वाढवण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. त्यातले 'के' जीवनसत्त्व काही गोळ्यांच्या उलट काम करते.

किनाऱ्यावर उतरलेला कोबी घाटावर कसा चढला? गोव्यात ख्रिस्ती घरांत ओले खोबरे आणि मोहरी घालून त्याचा 'फोगात' होऊ लागला. मुंबईकडच्या पाठारे प्रभू आणि चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंच्या घरी त्याचे भानोले झाले, त्यात कोलंबी गेली. देशावर त्याचा वावर वाढला तो बहुधा छावण्यांच्या आधाराने. इंग्रज सोजिराला त्याची घरची भाजी लागे, आणि ती आसपासच्या माळ्यांनी पिकवून पुरवावी लागे. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनचे जुने नावच सोल्जर्स गार्डन. आमच्या जिल्ह्यात १८०३ सालच्या ऑगस्टात वेलस्लीने नगरचा किल्ला घेतला आणि पुढे भिंगारला छावणी उभी राहिली. ज्याला गावकरी 'विलायती भाजी' म्हणत, ती पिकवणारे हात मात्र इथलेच होते. साहेबाच्या बंगल्यावर जाणाऱ्या पाटीतला एखादा फुटका, किडका गड्डा माळ्याच्या घरी शिजला असेल, आणि कोबीची पहिली मराठी भाजी तीच असेल, असे मी मनाशी धरून चालते. दप्तरात याचा कागद सापडणार नाही.

संगमनेरात प्रवरेला म्हाळुंगी मिळते. गाव जुने, शाहीर अनंत फंदी इथलेच, १७४४ साली जन्मलेले. फंदींच्या पानात कोबी पडला असेल असे मला वाटत नाही. त्यांच्या काळी इथे ज्वारी-बाजरी, कडधान्ये, आणि नदीकाठच्या मळ्यांतली वांगी-मेथी-मुळा. प्रवरेवर भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले १९२६ साली. त्याचे पाणी ओझरच्या बंधाऱ्यापाशी कालव्यांत वळते आणि बरेचसे खाली श्रीरामपूर-राहुरीकडे उसाला जाते. इथल्या शेतकऱ्याने विहीर खणली, इंजिन बसवले, पुढे वीज आली. ऊस शेतात वर्षभर ठाण मांडून बसतो. कोबी लावणीपासून अडीच-तीन महिन्यांत मोकळा होतो. ज्याच्या विहिरीला माघानंतर पाणी राहत नाही त्याला हा हिशेब लगेच समजतो. संगमनेरला रेल्वे नाही. पण पुणे-नाशिक रस्ता गावातून गेलेला, आणि संध्याकाळी भरलेला टेंपो पहाटे मुंबईच्या बाजारात उभा राहतो. कोबीला या तालुक्यात रुजवले ते विहिरीने आणि या रस्त्याने.

मात्र एका बाबतीत तो इथे अजून परकाच आहे. कोबीचा गड्डा म्हणजे झाडाने पुढच्या साली फुलण्यासाठी बांधलेली शिदोरी. आपण ती मध्येच काढून खातो. ठेवला तरी आपल्याकडे तो फुलत नाही, कारण फुलायला त्याला कित्येक आठवडे कडक थंडी सोसावी लागते आणि आपली थंडी त्याच्या लेखी थंडीच नव्हे. म्हणून बी येते थंड डोंगराळ मुलखातून. पूर्वी ते विलायतेहून येई. स्वातंत्र्यानंतर हिमाचलातल्या कुलूच्या खोऱ्यात, कटराईंला, सरकारी केंद्रात असल्या भाज्यांचे बियाणे तयार होऊ लागले. बाजरीचे कणीस राखून पुढच्या वर्षीचे बी धरणारा आमचा शेतकरी कोबीचे बी धरू शकत नाही. दरसाल पुडी विकत घेणे आले, आणि अलीकडे त्या पुडीची किंमत ऐकली की सोनाराच्या दुकानात उभे असल्यासारखे वाटते.

बी घेतले, रोप टाकले, लावले, की अळी येते. चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाची ही बारीक हिरवी अळी पानाची चाळण करते. तिच्यावर औषध मारून मारून ती औषधालाही दाद देईनाशी झाली, तेव्हा बंगळूरच्या फळ-भाजी संशोधकांनी एक जुन्या वळणाचा उपाय सांगितला. कोबीच्या दर पंचवीस ओळींना मोहरीच्या दोन ओळी पेरायच्या. पतंग कोबीपेक्षा मोहरीवर अंडी घालणे पसंत करतो, आणि मग फवारा फक्त मोहरीवर मारला तरी भागते. इथेही भाऊबंदच मदतीला आली.

इतके करून भाव लागेल याची खात्री नाही. ज्या आठवड्यात सगळ्यांचाच कोबी तयार होतो त्या आठवड्यात लिलावात किलोला जो आकडा निघतो त्यात तोडणीची मजुरी आणि टेंपोचे भाडे भागत नाही. तेव्हा शेतकरी उभ्या कोबीत मेंढरे सोडतो किंवा त्यावरून रोटर फिरवतो. रस्त्याने जाणाऱ्याला ते हिरवे शेत छान दिसते. त्याच दिवशी शहरात तोच गड्डा वीस-तीस रुपयांना विकला जात असतो, आणि घेणारी बाई महागाईच्या नावाने बोटे मोडत असते. दोघांचेही खरे असते. मधल्या वाटेवर पैसा कुठे मुरतो हे विचारायला दोघांनाही सवड नसते.

या भाजीला आणखी एक ठिकाणी मज्जाव आहे, आणि तो आपल्याच घरात. श्राद्धाच्या स्वयंपाकात कोबी चालत नाही. पुष्कळ घरांत नैवेद्याच्या पानातही चालत नाही. गावातल्या जैन कुटुंबांत तो चातुर्मासात वर्ज्य असतो, पण त्याचे कारण निराळे. पानांच्या पदरांत जीवजंतू असतात म्हणून अहिंसेपोटी तो टाळतात, आणि ते मी समजू शकते. आपला आक्षेप मात्र परकेपणाचा. शास्त्राला ही भाजी माहीत नव्हती, म्हणून चालत नाही.

मग एकादशीचे ताट पाहा. साबुदाणा, बटाटा, रताळे, शेंगदाणे, हिरवी मिरची, राजगिऱ्याचा लाडू. बटाटा, रताळे, भुईमूग, मिरची ही सारी अमेरिका खंडातली. कोलंबसाच्या आधी आपल्याकडे कोणी त्यांचे नावही ऐकले नव्हते. राजगिऱ्याचे मूळही तिकडचेच मानतात. साबुदाणा आज ज्या कंदापासून होतो तो टॅपिओका ब्राझीलकडचा, आणि त्याचा आपल्याकडचा कारखानदारी व्याप तर तमिळनाडूतल्या सेलमला १९४० नंतर वाढला. खुद्द श्राद्धाला चालणारा लाल भोपळा, तोही अमेरिकेचाच. यांतली कित्येक मंडळी कोबीच्याच सहप्रवाशांपैकी. किनाऱ्यावर उतरल्यावर एकाला देवघरात घेतले आणि दुसऱ्याला ओटीवर बसवले.

बरे, पोर्तुगीजांचे म्हणून नको म्हणावे, तर १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली तेव्हा तिथल्या चर्चच्या घंटा मराठ्यांनी वाजतगाजत आणल्या. नाशिकला गोदाकाठी नारोशंकराची घंटा आहे ती त्यांतलीच. भीमाशंकरालाही एक आहे. ती घंटा देवापुढे वाजवताना कोणी तिची जात विचारीत नाही. माझा असा तर्क आहे की कोबीला बाहेर ठेवले ते त्याच्या वासाने. फार शिजवला की त्याला कांद्या-लसणासारखा उग्र दर्प येतो, आणि जे कांद्यासारखे ते सोवळ्यात नको, एवढा सोपा हा न्याय असावा.

आमच्या ओळखीच्या एका घरातली गोष्ट सांगते. तालुक्यातलेच गाव, विहिरीवरची बागायत. म्हाताऱ्याने तीस वर्षे कोबी लावला. त्यावर दोन मुली उजवल्या, दगडाचे घर बांधले. तो गेल्यावर वर्षश्राद्धाला पान वाढले, त्यात गवार होती, भोपळा होता, कारले होते. थोरल्या सुनेने विचारले, "आत्याबाई, मामांचा कोबीवर जीव होता. चमचाभर वाढू का?" म्हातारीने गुरुजींकडे पाहिले. गुरुजी सज्जन होते, पण म्हणाले, शास्त्राला चालत नाही. म्हातारी थोडा वेळ गप्प राहिली आणि मग सुनेला म्हणाली, "वाटीत घाल आणि पानाच्या बाहेर ठेव. बाहेर काय शास्त्र नाही." वाटी पानाच्या कडेला ठेवली गेली. कावळ्याने आधी काय उचलले हे मी विचारले नाही. त्या घरात आता दरसाल ती वाटी ठेवतात.

वासाची गोष्ट निघालीच आहे तर ती पुरी करते. कोबी पाण्यात घालून तासभर उकळायचा ही साहेबाची रीत, आणि तिने त्या भाजीची जगभर बदनामी केली. जितका वेळ जास्त, तितका गंधकाचा दर्प जास्त. शिवाय 'क' जीवनसत्त्व पाण्यात उतरते आणि ते पाणी मोरीत जाते. आपल्या बायकांनी हा परका गड्डा हातात आल्यावर पाणी टाकलेच नाही. बारीक चिरला, तेलाची फोडणी केली, भिजवलेली हरभऱ्याची डाळ घातली आणि त्याच्याच अंगच्या पाण्यात पाच-सात मिनिटे परतला. नगरकडे शेवटी शेंगदाण्याचे कूट आणि काळा मसाला, कोकणात ओले खोबरे. उरला तर पीठ पेरून, नाहीतर थालीपिठात. कच्चा खायचा तर पचडी, लिंबू पिळून. फेसलेली मोहरी घातलीत तर अधिक चांगले, कारण शिजवताना कोबीतला जो पाचक रस मरतो तो कच्च्या मोहरीत जिवंत असतो आणि कोबीतली गुणकारी द्रव्ये मोकळी करतो. हे अलीकडे प्रयोगशाळेत सिद्ध झाले. लोणच्यात मोहरी फेसून घालणाऱ्या बायका ते जिभेने करीत आल्या.

शाळेत पोषण आहाराची खिचडी शिजते. ही योजना देशभर १९९५ साली सुरू झाली. खिचडीत पडणाऱ्या भाज्यांत कोबी हमखास असतो, कारण तो स्वस्त आहे, दोन-चार दिवस फ्रीजवाचून टिकतो आणि इतका बारीक चिरता येतो की मुलांना निवडून काढता येत नाही. ज्या मुलाच्या घरी सकाळी चहा-पावाव्यतिरिक्त काही झालेले नसते त्याच्या पोटात दिवसाची पहिली भाजी जाते ती ही. मोठी झाल्यावर हीच मुले संध्याकाळी चायनीजच्या गाडीवर उभी असतात. मंचुरियन हा पदार्थ नेल्सन वांग नावाच्या स्वयंपाक्याने १९७५ च्या सुमारास मुंबईत काढला असे सांगतात, तो कोंबडीचा होता. आपल्या गावच्या गाडीवर त्याचा गोळा कोबीचा असतो. पोर्तुगीज नावाची भाजी चिनी नावाने तळून मराठी पोरे खातात. चवीबद्दल माझी तक्रार नाही, पण कढईतल्या त्या काळ्या तेलात जीवनसत्त्व शोधू नये.

दिवाळी सरते आणि थंडीचा नवा कोबी बाजारात येतो. घेताना गड्डा हातात तोलून पाहावा. आकाराच्या मानाने जड आणि घट्ट असेल तो घ्यावा, देठाचा काप पांढरा ताजा असावा. पोकळ लागला तर ठेवून द्यावा. वरची दोन-तीन पाने काढून टाकावीत, कारण फवारा त्यांच्यावरच बसलेला असतो. बाकीचा चिरण्यापूर्वी मिठाच्या पाण्यात थोडा वेळ ठेवावा, चिरल्यावर नव्हे. फोडणीत मोहरी पूर्ण तडतडू द्यावी. आणि भाजी परतताना झाकण ठेवू नये.